वजन उतरवितांना रोजच्या आहाराचें माप

दिवाळीचा फराळ संपला, लग्नसराई आटोपली, किंवा डॉक्टरांनीं रक्ततपासणीचा कागद पाहून नुसती मान हलविली, म्हणजे पुष्कळ सुशिक्षित घरांत वजन उतरविण्याचा संकल्प सोडला जातो. संकल्पाबरोबर एक आंकडाही ठरतो. बहुधा तो हजार उष्मांकांचा असतो. अधिक उत्साही मंडळी आठशेंपर्यंत खालीं येतात. आंकडा कागदावर लिहून स्वयंपाकघरांत चिकटविला जातो, आणि दुसऱ्या दिवसापासून घरांतील एका माणसाचें ताट निम्में होतें. हजारच कां, असें विचारलें तर धड उत्तर मिळत नाहीं. संख्या लक्षांत राहण्यास सोपी आहे आणि ती कठोर वाटते. जें कठोर तें गुणकारी, हा आपल्याकडील जुना समज. तीन आठवड्यांनीं कागद भिंतीवर तसाच असतो. संकल्प मात्र गेलेला असतो, आणि जातांना तो त्या माणसाचा स्वतःवरील विश्वासही थोडासा बरोबर घेऊन जातो. अशा वेळीं दोष निग्रहाला दिला जातो. वास्तविक तो बहुतेक वेळां आंकड्याचा असतो.

उष्मांक, म्हणजेच ज्याला सर्वत्र कॅलरी म्हणतात, तें उष्णतेचें माप आहे. एक किलो पाण्याचें तपमान एक अंश सेंटिग्रेडनें वाढविण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढा एक उष्मांक. अन्नाला हें माप लावण्याचें कारण असें कीं, शरीरांत अन्नाचें जें होतें तें एका दृष्टीनें ज्वलनच होय. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत फ्रान्समध्यें लाव्हाझिए व लाप्लास या दोन शास्त्रज्ञांनीं एका गिनीपिगला बर्फानें वेढलेल्या पात्रांत ठेवलें, त्याच्या अंगच्या उष्णतेनें किती बर्फ वितळतें तें मोजलें, आणि श्वासोच्छ्वास हें एक मंद ज्वलन आहे असें दाखवून दिलें. पुढें सुमारें शंभर वर्षांनीं अमेरिकेंत कनेक्टिकटमधील मिडलटाउन येथें विल्बर ॲटवॉटर यांनीं माणसाला राहतां येईल अशी एक बंद खोलीच तयार केली, आणि तींत राहणाऱ्याचें अन्न, हवा व उष्णता यांचा काटेकोर हिशेब ठेवला. आज खाद्यपदार्थांच्या पुड्यांवर जे आंकडे छापलेले दिसतात, त्यांच्या मुळाशीं ॲटवॉटर यांचेच गुणक आहेत. एक ग्रॅम प्रथिनांत ४, एक ग्रॅम पिष्टांत अथवा साखरेंत ४, आणि एक ग्रॅम तेलांत अथवा चरबींत ९ उष्मांक, असें त्यांचें प्रमाण आहे.

आहार ही शरीराची जमा. मग खर्च कोणता? कोणतेंही अंदाजपत्रक खर्चापासून सुरू करावें, हा शहाण्या संसाराचा नियम येथेंही लागू आहे. शरीराच्या खर्चाच्या तीन बाबी आहेत. पहिली व सर्वांत मोठी बाब नुसत्या जगण्याची. माणूस निश्चल पडून राहिला तरी हृदय चालतें, फुप्फुसें चालतात, मेंदू व यकृत यांचें काम थांबत नाहीं, अंगांतील ऊब टिकवावी लागते. दुसरी बाब अन्न पचविण्याची. एकंदर खर्चाचा सुमारें दहावा हिस्सा तींत जातो. तिसरी बाब हालचालीची. बसून काम करणाऱ्या नागरी माणसांत पहिली बाबच एकंदर खर्चाच्या दोनतृतीयांशाच्या आसपास असते. ताट निम्में करणारा माणूस हें विसरतो कीं, त्यानें चैनीच्या खर्चालाच नव्हे, तर घरभाड्यालाही हात घातला आहे.

ही पहिली बाब अजमाविण्यासाठीं १९९० सालीं प्रसिद्ध झालेलें एक सूत्र हल्लीं बरेंच वापरलें जातें. मिफ्लिन व सेंट जॉर यांच्या नांवानें तें ओळखलें जातें. वजनाच्या किलोंना १० नीं गुणावें. उंचीच्या सेंटिमीटरांना ६.२५ नीं गुणावें. दोहोंची बेरीज करावी. तींतून वयाच्या वर्षांची पांचपट वजा करावी. पुरुष असल्यास उत्तरांत ५ मिळवावे, स्त्री असल्यास १६१ वजा करावे. आलेली संख्या निव्वळ जगण्याच्या खर्चाची. बैठें काम असणाऱ्यानें तिला सुमारें १.४ नीं गुणलें, म्हणजे दिवसाचा एकंदर खर्च हातीं येतो.

उदाहरणादाखल एक गृहिणी घेऊं. वय ४५, उंची १५५ सेंटिमीटर, वजन ६८ किलो. सूत्राप्रमाणें ६८० आणि ९६९ मिळून १६४९. त्यांतून २२५ व १६१ वजा जातां उरले १२६३. त्यांची १.४ पट सुमारें १७७०. इतके उष्मांक रोज घेतले तर तिचें वजन आहे तेथेंच राहील. आतां तिचे यजमान पाहूं. वय ५०, उंची १७२ सेंटिमीटर, वजन ७८ किलो, काम कचेरींतलें. त्यांचा हिशेब १६१० व २२५० च्या घरांत जातो. घर एक, स्वयंपाक एक. परंतु दोघांच्या गरजेंत जवळजवळ पांचशेंचें अंतर. म्हणून एकच कागद भिंतीवर लावून तो दोघांना लागू करणें म्हणजे एकाच मापाचा अंगरखा दोघांना शिवण्यासारखें आहे.

हे आंकडे अवास्तव नाहींत, याचा पडताळा हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कोष्टकांवरून पाहतां येतो. २०२० सालीं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व ही संस्था यांनीं बैठें काम करणाऱ्या ६५ किलो वजनाच्या पुरुषाची सरासरी गरज २११० व ५५ किलो वजनाच्या स्त्रीची १६६० उष्मांक धरली आहे. तथापि एक गोष्ट लक्षांत ठेवणें अवश्य आहे. पाश्चात्त्य लोकांच्या मोजमापांवरून बसविलेलीं सूत्रें भारतीय शरीरांचा खर्च थोडा जास्त दाखवितात, असें संशोधकांना वेळोवेळीं आढळलें आहे. शिवाय माणसामाणसांत दहा टक्क्यांचा फरक सहज पडतो. म्हणून सूत्राचें उत्तर हा निकाल नसून पहिला अंदाज समजावा.

खर्च समजला, आतां कात्री किती लावावी? साधारण पंचमांश, हें सुरुवातीला सोसण्यासारखें प्रमाण. वरील गृहिणीनें ४०० कमी केले तर तिचें रोजचें माप १३५० ते १४०० होईल. यजमानांनीं ४५० कमी केले तर १८००. अमेरिकेंतील हृदयरोगविषयक व स्थूलताविषयक संस्थांनीं २०१३ सालीं जो संयुक्त सल्ला प्रसिद्ध केला, त्यांत स्त्रियांसाठीं १२०० ते १५०० आणि पुरुषांसाठीं १५०० ते १८०० असें माप सुचविलें आहे. तेव्हां हीं दोन्हीं उत्तरें त्या चौकटींत बसतात. याच चौकटीचा खालचा कांठ महत्त्वाचा आहे. स्त्रियांनीं १२०० च्या व पुरुषांनीं १५०० च्या खालीं आपल्या मनानें जाऊं नये. आठशेंचा आहार हा तर वैद्यकीय उपचार होय. तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीं, ठरलेल्या मुदतीपुरता व विशिष्ट रुग्णांनाच दिला जातो. भिंतीवर लिहून ठेवण्याची ती गोष्ट नव्हे.

कोणी म्हणेल, कमी खाल्लें तर लवकर सुटका होईल. मग घाई कां करूं नये? याचें उत्तर एका प्रसिद्ध प्रयोगांत मिळतें. दुसरें महायुद्ध चालू असतां १९४४ च्या नोव्हेंबरांत मिनेसोटा विद्यापीठांत ॲन्सेल कीज यांनीं छत्तीस तरुणांवर तो सुरू केला. सदसद्विवेकबुद्धीला पटत नाहीं म्हणून लढाईवर जाण्यास नकार दिलेले हे तरुण स्वखुशीनें आले होते. उपासमारीनें गांजलेल्या युरोपातील लोकांना पुन्हां कसें सांवरावें, हें शोधणें हा हेतु होता. पहिले तीन महिने त्यांना रोज सुमारें ३२०० उष्मांकांचें पोटभर अन्न मिळालें. पुढें सहा महिने तें सुमारें १५७० वर आणण्यांत आलें. बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी असा मुख्यतः आहार, आणि आठवड्याला २२ मैल चालणें.

सहा महिन्यांत त्यांचें वजन सुमारें एकचतुर्थांश उतरलें. परंतु उतरलें तें वजनच नव्हे. उन्हाळ्यांतही त्यांना थंडी वाजूं लागली, नाडी मंदावली, निव्वळ जगण्याचा खर्च शरीरानें सुमारें चाळीस टक्क्यांनीं आंखडता घेतला. स्वभाव चिडखोर व खिन्न झाले. मित्रांची संगत नकोशी वाटूं लागली. डोक्यांत रात्रंदिवस अन्न. कित्येक जण पाकशास्त्राचीं पुस्तकें वाचीत बसत. आणि मोकळीक मिळाल्यावर पुष्कळांची भूक पोट भरूनही शमेना. गेलेली चरबी आधीं परत आली व मूळच्याही वर गेली. गेलेला स्नायू मात्र मागें रेंगाळला.

येथें १५७० या संख्येकडे पुन्हां पाहावें. आपल्या उदाहरणांतील गृहिणीला तोच आंकडा उदार वाटेल. त्या तरुणांना तो उपासमारीचा ठरला, कारण तो त्यांच्या गरजेच्या निम्मा होता. म्हणजे आंकडा स्वतः चांगला किंवा वाईट नसतो. तो कोणाच्या खर्चाशीं ताडून पाहिला, यावर सर्व अवलंबून असतें. दुसऱ्याचा उसना घेतलेला आंकडा म्हणूनच धोक्याचा. त्या गृहिणीनें हजाराचा कागद लावला, तर ती स्वतःच्या गरजेच्या निम्म्याहून थोडेंच अधिक खाईल. आठशेंचा लावला तर निम्म्याहूनही कमी. ते तरुण सडपातळ होते, आणि ज्याच्या अंगांत मेदाचा साठा आहे त्याची अशी दशा इतक्या लवकर होत नाहीं, हें खरें. तरीही मोठ्या कपातीचे परिणाम स्थूल माणसालाही चुकत नाहींत. चरबीबरोबर स्नायू झिजतात, फार जलद वजन उतरल्यास पित्ताशयांत खडे होण्याचा संभव वाढतो, थकवा येतो, आणि भूक एखाद्या रात्रीं सगळी बाकी व्याजासह वसूल करते.

मापाइतकाच मुदतीचाही हिशेब चुकतो. १९५८ सालीं मॅक्स विश्नॉफ्स्की या अमेरिकन वैद्यानें मांडलेला एक ठोकताळा सर्वतोमुखीं झाला. एक पौंड वजन म्हणजे ३५०० उष्मांक, अर्थात् किलोमागें सुमारें ७७००. या त्रैराशिकानें रोज ४०० कमी खाणारी गृहिणी वर्षांत १९ किलो उतरली पाहिजे. तसें घडत नाहीं. जसजसें वजन उतरतें, तसतसा लहान झालेल्या शरीराचा खर्चही उतरतो, आणि आरंभींची तूट आपोआप अरुंद होत जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेंतील केव्हिन हॉल व त्यांचे सहकारी यांनीं २०११ सालीं याचा सुधारलेला अंदाज दिला. रोजच्या २४ उष्मांकांच्या कायम कपातीमागें अखेरीस एक किलो. त्यांतला निम्मा भाग पहिल्या वर्षांत, आणि उरलेला बहुतेक पुढील दोन वर्षांत. या हिशेबानें ती गृहिणी पहिल्या वर्षांत सुमारें आठ किलो उतरून साठावर येईल. एकोणीसची आशा धरणारीला आठ म्हणजे अपयश. आठाची आशा धरणारीला तेच आठ म्हणजे यश. प्रयत्न तोच, अन्न तेंच. केवळ चुकीच्या त्रैराशिकामुळें कित्येक चांगलीं माणसें अर्ध्या वाटेवरून परततात.

पहिल्या आठवड्याचा भुलावा याहून वेगळा. त्या आठवड्यांत कांटा एकदम दीड-दोन किलो खालीं येऊं शकतो. पण तें बव्हंशीं पाणी असतें. यकृत व स्नायू यांत सांठविलेल्या शर्करेच्या प्रत्येक ग्रॅमाबरोबर सुमारें तीन ग्रॅम पाणी असतें. साठा कमी होतांच तें निघून जातें. तेव्हां त्या घसरणीनें हुरळूं नये, आणि नंतर ती मंदावली म्हणून खचूंही नये.

ठरविलेलें माप ताटांत उतरविणें हें शेवटीं स्वयंपाकघराचें काम. आपल्या स्वयंपाकांत हिशेब चुकतो तो पोळीभाकरींत फारसा नव्हे. पंचवीस ग्रॅम कणकेचा फुलका सुमारें ८५ उष्मांकांचा, साठ ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी सुमारें दोनशेंची. त्या मोजूनच वाढल्या जातात. न मोजलें जातें तें तेल. चहाच्या एका चमचाभर तेलांत सुमारें ४५ उष्मांक असतात, आणि फोडणीला चमचा लावून कोणी तेल घालीत नाहीं. याला एक सोपा उपाय आहे. महिन्याचें वाणसामान आठवावें. चार माणसांच्या घरांत महिना चार किलो तेल लागत असेल, तर माणशीं रोज सुमारें ३३ ग्रॅम, म्हणजे तीनशें उष्मांक, नुसत्या तेलाचे झाले. महिन्याला एक किलो तेल कमी आणलें, तर कोणाच्याही ताटांतील एक घांस कमी न होतां प्रत्येकाचे रोजचे ७५ उष्मांक वांचतात. दोन दोन चमचे साखरेचे चार पेले चहा १६० उष्मांक घालतात. मूठभर शेंगदाणे सुमारें १७० चे. आणि शेंगदाण्याचें कूट तर मराठी भाजीकोशिंबिरीचा प्राणच.

उपासाच्या दिवशींचा हिशेब याहून मौजेचा. पाऊणशें ग्रॅम साबुदाणा, मूठभर दाण्याचें कूट व दोन चमचे तूप यांची बशीभर खिचडी पांचशें उष्मांकांच्या वर जाते. दोन फुलके, वाटीभर वरण व बेताच्या तेलाची भाजी बहुधा चारशेंच्या आंत राहते. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण कोणा आहारशास्त्रज्ञानें रचलेली नाहीं, पण हिशेबाला ती खरी उतरते.

जें खाल्लें तें सगळें लिहिलें जात नाहीं, हाही मनुष्यस्वभावच आहे. १९९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्कमधील एका अभ्यासांत, कमी खाऊनही वजन उतरत नाहीं अशी तक्रार असलेल्या लोकांचें खाणें शास्त्रीय रीतीनें तपासलें, तेव्हां त्यांनीं सांगितलेला आहार प्रत्यक्षापेक्षां सरासरी ४७ टक्क्यांनीं कमी निघाला. त्यांचा शरीरखर्च मात्र अपेक्षेइतकाच होता. ते लबाड होते असें नव्हे. आग्रहानें वाढलेला अर्धा लाडू, मुलाच्या ताटांत उरलेली पोळी, स्वयंपाक करतां करतां घेतलेली चव, हीं कोणाच्याच वहींत जमा होत नाहींत. म्हणून निदान पहिले दोनतीन आठवडे पीठ, तांदूळ व तेल यांचें माप घ्यावें. पुढें नजर तयार होते.

यानंतर परीक्षा घेणारा एकच, आणि तो म्हणजे वजनाचा कांटा. त्याला रोज भ्यावयाचें कारण नाहीं. सकाळीं ठराविक वेळीं वजन करून आठवड्याची सरासरी काढावी, आणि चार आठवड्यांच्या सरासऱ्या शेजारीं मांडून पाहाव्या. वरील गृहिणीचें वजन महिन्याला एक ते दीड किलो उतरत असेल, तर माप बरोबर आहे; तें बदलूं नये. कांटा जागचा हलत नसेल तर प्रथम तेल व वही तपासावी, आणि मग शंभर उष्मांक कमी करावे किंवा अर्ध्या तासाचें भरभर चालणें वाढवावें. आठवड्याला एक किलोपेक्षां जास्त वजन सतत उतरत असेल, किंवा थकवा, चक्कर, केस गळणें, मासिक पाळी चुकणें यांपैकीं कांहीं दिसलें, तर माप वाढवावें व डॉक्टरांना विचारावें. अशा रीतीनें सूत्राची चूक शरीरच दुरुस्त करून देतें.

माप कमी करतांना ताटांतील प्रथिनें मात्र कमी करूं नयेत. किलो वजनामागें रोज सुमारें एक ग्रॅम प्रथिनें मिळावीं. म्हणून कात्री तेल, साखर, फरसाण व भाताच्या दुसऱ्या वाढीला लावावी, डाळ, उसळ, दूध, ताक, अंडीं, मासे यांना लावूं नये. जोडीला आठवड्यांतून दोनतीनदां स्नायूंना ताण देणारा व्यायाम असावा, म्हणजे उतरणाऱ्या वजनांत चरबीचा वाटा मोठा राहतो.

हा सगळा हिशेब कोणाला लागू नाहीं, तेंही स्पष्ट सांगितलें पाहिजे. गर्भवती व अंगावर दूध पाजणाऱ्या स्त्रिया, वाढत्या वयाचीं मुलें, आणि खाण्याविषयीं मनाला विकृत भीति जडलेलीं माणसें यांनीं असें माप घेऊं नये. इन्सुलिन किंवा रक्तांतील साखर उतरविणारीं औषधें घेणाऱ्यांनीं डॉक्टरांना विचारल्याशिवाय आहार कमी केल्यास साखर धोक्याच्या खालीं जाऊं शकते. मूत्रपिंडाच्या रोग्यांचा व वृद्धांचा विचारही स्वतंत्र आहे.

शेवटीं, उतरावयाचें तरी किती? भारतीय लोकांना मधुमेह पाश्चात्त्यांपेक्षां कमी वजनावर गांठतो, म्हणून आपल्याकडे वजनाला उंचीच्या मीटरांच्या वर्गानें भागून येणारा अंक २३ च्या वर गेला कीं सावध व्हावें, असें वैद्यांचें मत आहे. परंतु लाभ मिळण्यासाठीं तरुणपणींचें वजन गांठावें लागत नाहीं. अमेरिकेंत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवर झालेल्या मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २००२ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत ध्येय होतें वजन फक्त सात टक्के उतरविण्याचें व आठवड्याला दीडशें मिनिटें व्यायामाचें. तेवढ्यानें मधुमेह जडण्याचें प्रमाण ५८ टक्क्यांनीं घटलें. अडुसष्ट किलोच्या गृहिणीला सात टक्के म्हणजे पांच किलोही नव्हेत.

स्वयंपाकघरांतील तो हजाराचा कागद तेव्हां काढून टाकावा. त्याच्या जागीं वही असावी. तींत प्रथम स्वतःचा खर्च, मग बेताची कपात, मग आठवड्याची सरासरी. कपात अशी असावी कीं, घरचें जेवण घरच्यांबरोबर बसून जेवतां यावें, सणाला एक पुरणपोळी खातां यावी, आणि दुसऱ्या दिवशीं कांहींही मोडलें नाहीं अशा मनानें पुन्हां वही उघडतां यावी. जें माप तीन आठवडे पाळतां येतें तें व्रत होय. जें तीन वर्षें पाळतां येतें, तोच आहार.